पेटीची आतली बाजू

आमच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावाने, बेचाळीस वर्षं एकाच फर्निचरच्या कारखान्यात काढली. कपाटं केली, टेबलं केली, पण त्यांचं नाव होतं ते खणांसाठी. गिऱ्हाईक आलं की मालक टेबलाचा खण पुरता बाहेर ओढत, उलटा करत आणि म्हणत, "मागून हात फिरवा. एक ओरखडा नाही. पुढून काय, कुणीही करतो." जिथे कुणाची नजर जायची नाही, बोट लागायचं नाही, तिथेही भाऊजींचा रंधा फिरलेला असायचा, आणि रंध्यानंतर तीन जातींचा काचपेपर. माझ्याकडे त्यांच्या हातचं एक कपाट आहे. सोळा वर्षांत त्याचं एक कुसळ माझ्या बोटात गेलेलं नाही.

निवृत्त झाल्यावर मात्र हा माणूस घरात मावेना. जाऊबाई माझ्याकडे येऊन करवादायच्या, "एवढी वर्षं मी त्या घरात मोकळी वावरले. आता जिकडे वळावं तिकडे हे उभे. काल मिठाच्या डब्याकडे हात केला, तर हाताला यांचा खांदा लागला!" तोवर भाऊजींचं घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं होतं, न कुरकुरणाऱ्यासुद्धा. भाजी चिरायची फळी त्यांनी इतकी तासली होती की कांदा तिच्यावरून निसटून थेट जमिनीवर जायचा.

मग दवाखान्यातल्या फळ्यावर जाऊबाईंनी एक चिठ्ठी पाहिली. शहराबाहेरच्या पाणथळ जागेत पक्षी परत यावेत म्हणून काही मंडळी शनिवार-रविवार तंबू ठोकून काम करतात, त्यांना हात हवे आहेत. जाऊबाईंनी नंबर उतरवून आणला आणि भाऊजींपुढे ठेवला. "हात हवेत म्हणतायत. तुम्हाला दोन आहेत. जा."

ते गेले, आणि पुढच्या वेळी मलाही जावं लागलं, कारण त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर द्यायला कुणीतरी हवं होतं. "मी आले असते गं," जाऊबाई म्हणाल्या, "पण माझ्या कमरेचं आणि जमिनीचं पटत नाही." माझं दोघींशीही बरं होतं. मुलगी वसतिगृहात, नवरा शनिवारी दुपारभर झोपणारा. मी निघाले.

ती जागा म्हणजे विटांच्या भट्टीने माती काढून काढून केलेला मोठा खड्डा. भट्टी बंद पडली, खड्ड्यात पाणी साठलं, पाण्यावर जलपर्णी माजली. काठावरची जुनी झाडं भट्टीच्या पोटात केव्हाच गेली होती. आम्ही दहा-बाराजण लांब आकड्यांनी जलपर्णी काठावर ओढायचो, उथळ पाण्यात लव्हाळे लावायचो, गोणत्यांत माती भरून छोटी बेटं करायचो. म्होरक्या होत्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांना सगळे 'बाई'च म्हणत, आणि त्या सगळ्यांना सहावीतल्या मुलांसारखं वागवत. दुसरा नेहमीचा म्हणजे एक बेकरीवाला, हसतमुख, घामाघूम, कामाला वाघ पण हाताला वळण नाही. त्याने ठोकलेला तंबू पाहून बाई म्हणाल्या होत्या, "हा तंबू आहे की तुम्ही चादर वाळत घातलीय?"

भाऊजी तिथे पहिल्या दिवसापासून 'मिस्त्री' झाले. आकड्यांचे दांडे त्यांनी तासून दिले आणि सगळ्यांच्या तळहातांचे फोड बंद झाले. मला ते 'पदवीधर' म्हणत. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच. "काय पदवीधर, चिखल कसा आहे?" मी म्हणायची, "अभ्यासक्रमात नव्हता, भाऊजी." संध्याकाळी पत्र्याच्या मगात चहा घेऊन ते काठावर बसत आणि पाण्याकडे बघत राहत. घरी ते इतका वेळ एका जागी बसलेले मी कधी पाहिले नव्हते.

दुसऱ्या वर्षी बाईंनी बदकांचा विषय काढला. झाडाच्या ढोलीत घरटं करणारी एक बदकांची जात तिथे पूर्वी होती. झाडं गेली, ढोल्या गेल्या, बदकंही गेली. पण लाकडी पेट्या करून पाण्यातल्या खांबांवर लावल्या तर ती येतात, असा इतर ठिकाणचा अनुभव होता. "बारा पेट्या लागतील," बाई म्हणाल्या आणि सगळ्यांची तोंडं आपोआप भाऊजींकडे वळली. बेकरीवाला म्हणाला, "दोन मी करतो. मलाही हौस आहे." भाऊजींनी त्याच्याकडे, डॉक्टर घरगुती औषधवाल्याकडे बघतो तसं पाहिलं.

बाईंनी एक छापील कागद दिला. भाऊजींचा चष्मा त्या आठवड्यात दुरुस्तीला होता, म्हणून गॅलरीत बसून तो मी वाचला. उंची इतकी, रुंदी इतकी, भोक तळापासून एवढ्या उंचीवर. मी आकडे सांगायचे, ते फळीवर पेन्सिलीने खूण करायचे. शेवटची खूण झाली तसे म्हणाले, "बस. मापं कळली. बाकी ज्ञान आपल्याजवळ आहे." कागदाला मागची बाजूही होती, ती मला दिसली होती. पण कुकरची शिट्टी झाली आणि जाऊबाईंनी हाक मारली. मी कागद स्क्रूच्या डब्याखाली ठेवला आणि आत गेले.

दोन महिने त्या गॅलरीतून रंध्याचा आवाज येत होता. दहा पेट्या. एकेका पेटीत हात घालून ते डोळे मिटायचे आणि बोटांनी आतली भिंत तपासायचे. कुठे किंचित रेघ लागली की पुन्हा काचपेपर. वरून पाणी मुरू नये म्हणून आतून-बाहेरून मेण चोळलं. मला म्हणाले, "हात घाल." मी घातला. दुधावरची साय असावी तसं लाकूड. "अंडी उबवायला बसेल बिचारी, तिला एक टोचता कामा नये," ते म्हणाले.

पेट्या लावायच्या शिबिराला बाई नव्हत्या, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. बेकरीवाल्याने त्याच्या दोन पेट्या आणल्या. लोण्याच्या खोक्यांच्या फळ्या, न तासलेल्या, एकीवर अजून 'थंड जागी ठेवा' असं छापलेलं. झाकण तिरकं. आम्ही सगळे इतके हसलो की शेवटी तोही हसायला लागला. "मिस्त्री, माझ्या पेट्या मागे कुठेतरी लावा, पाहुण्यांना दिसायला नकोत." भाऊजी मोठ्या मनाने म्हणाले, "असू दे रे. एखादं गरीब बदक येईल."

थंडी सरताना बदकं आली. भाऊजींनी दुर्बिणीतून पहिली जोडी पाहिली आणि दुर्बीण माझ्या हातात दिली. त्यांच्या पाच नंबरच्या पेटीच्या भोकातून एक डोकं बाहेर आलं होतं. तीन आठवड्यांत त्यांच्या सहा पेट्या भरल्या, बेकरीवाल्याची एक. त्या दिवसांत ते वाण्याला, टपालवाल्याला, लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगायचे, "आमच्याकडे सहा बसल्यात." जाऊबाई म्हणायच्या, "लोकांना वाटतं आपण कोंबड्या पाळल्यात."

एका मंगळवारी मी त्यांच्याकडे गेले होते. जाऊबाई गॅलरी आवरत होत्या. स्क्रूचा डबा उचलून म्हणाल्या, "हा कागद टाकू का गं?" मला एक वाईट खोड आहे, हातात आलेला कागद वाचल्याशिवाय टाकता येत नाही. मी तो उलटा केला. वाचला. मग पुन्हा वाचला.

भाऊजी चहा पीत होते. "काय लिहिलंय?" म्हणाले.

मी वाचून दाखवलं. "पिल्ले अंड्यातून निघाल्यावर दुसऱ्याच दिवशी घरटे सोडतात. आई खाली पाण्यातून हाक मारते व पिल्ले नखांच्या आधाराने आतली भिंत चढून भोकातून उडी घेतात. म्हणून आतल्या बाजूस रंधा मारू नये. भोकाखाली आडव्या खाचा पाडाव्यात."

त्यांनी कप खाली ठेवला. उठून ओट्याशी गेले, ती भाजीची फळी हातात घेतली आणि अंगठा तिच्यावरून वरपासून खालपर्यंत फिरवला. "परत वाच," म्हणाले. मी परत वाचलं.

"मेणही लावलंय," ते म्हणाले.

जाऊबाईंना काहीतरी बोलायला हवंच होतं. "अहो, पाखरांची जात. चढतील कशीतरी. मांजर नाही का दारावर चढत?"

"माझ्या दारावर नाही चढत," भाऊजी म्हणाले.

मी म्हटलं, "भाऊजी, चूक माझी आहे. मी पान उलटायला हवं होतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटतं त्यांना ते ऐकूच गेलं नाही.

बाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आता हात लावायचा नाही, मिस्त्री. अंड्यांवर बसलेलीला धक्का लागला तर ती उठून जाते, परत येत नाही. एक वाचवायला जाल आणि सगळी घालवाल. शिवाय वनखात्याने काठावर बांधलेल्या दोरीपलीकडे हंगाम संपेपर्यंत कुणालाच जाता येत नाही. होडीसुद्धा वर काढून साखळी घातलीय. फार तर एखादा जाणकार माणूस पाठवायची परवानगी मागू. तोही उपयोगी पडेल की नाही, मी सांगू शकत नाही."

अर्ज मी लिहिला आणि आम्ही दोघं वनखात्याच्या कचेरीत गेलो. कारकून तरुण होता, सभ्य होता. त्याने बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, अर्ज वाचला.

"दुरुस्तीची परवानगी. बरं. मोडलंय काय?"

"मोडलेलं काही नाही," भाऊजी म्हणाले.

"म्हणजे खराब झालंय."

"खराबही नाही. जास्त चांगलं झालंय. तेच चुकलंय."

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्या माणसासोबत घरचं कुणी असलं की लोक पाहतात तसं. मी सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. त्याने खरंच लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाला, "काका, या नमुन्यात चांगल्या कामाच्या दुरुस्तीचा रकाना नाही. मी 'इतर' मध्ये टाकतो. साहेब दौऱ्यावर आहेत. तीन आठवडे धरा."

"तीन आठवड्यांच्या आत पिल्लं निघतील."

"अरे वा," तो म्हणाला, "म्हणजे तोवर प्रश्न सुटलेलाच असेल." त्याने अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून दिला. भाऊजींनी त्याचे आभार मानले. त्यांना आभार न मानता कुठून उठताच येत नाही.

त्यानंतर ते दर शनिवारी पहिल्या बसने जायचे, रात्री तंबूत राहायचे आणि रविवारी परतायचे, आणि त्यांच्यासोबत मीही. काम नसायचं, हंगामात काठावरची कामं बंद असतात. ते नुसते दोरीच्या अलीकडे घडीच्या खुर्चीत बसायचे. खिशात लाकूड कोरायची पटाशी असायची. मी विचारलं, "ही कशाला?" म्हणाले, "असू दे." मी गोळ्या द्यायची, चहा द्यायची. बेकरीवाला पाव आणायचा आणि न बोलता शेजारी बसायचा. त्याच्यासारख्या माणसाला न बोलणं किती जड जात असेल ते दिसत होतं. एकदा तो म्हणाला, "मिस्त्री, माझ्या पेट्यांना तुम्ही हसलात ते बरं झालं. मी तासायला आणलेला रंधा लाजून परत ठेवला." तो समजूत घालायलाच बोलला होता. भाऊजींनी मान हलवली.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसहाला मागच्या बाजूला, बेकरीवाल्याच्या पेटीखाली, एक मादी पाण्यात उतरली आणि हाका मारायला लागली. बारीक, घोगरा आवाज. दहा मिनिटांत 'थंड जागी ठेवा' या अक्षरांच्या वर एक करडा गोळा दिसला. थांबला. पडला. मग दुसरा. आम्ही मोजत होतो. नऊ. नऊ गोळे आईच्या मागे ओळीने लव्हाळ्यांत शिरले. गुडघा सांभाळत आलेल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बेकरीवाला हात तोंडावर ठेवून उभा होता, त्याला आनंद करायचीही चोरी झाली होती.

भाऊजी म्हणाले, "बघ. चढतात की नाही. चढतात."

त्यानंतर पाऊण तासाने पाच नंबरची मादी खाली उतरली.

ती हाक मारायला लागली तसे ते खुर्चीतून उठले. मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली, त्यांनी ती परत माझ्या हातात दिली. भोक रिकामं होतं. ती हाक मारायची, थांबायची, पेटीकडे मान वर करून बघायची, पुन्हा हाक मारायची. खांबाभोवती एक फेरी घालायची. पाणी इतकं शांत होतं की पेटीतूनही आवाज येत होता. अगदी बारीक, खूप जणांचा मिळून एक.

"निघतील," भाऊजी म्हणाले. "वेळ लागतोय. निघतील."

अर्धा तास झाला. एक तास झाला. मग मला कळायच्या आत ते दोरीखालून वाकून पाण्यात गेले. पटाशी हातात. गुडघाभर, मांडीभर. चिखलातून पाय उपसल्याचा आवाज आला आणि आठ नंबरच्या पेटीतून एक मादी फडफडत निघून गेली. मग दोन नंबरची. बाई ओरडल्या, "मिस्त्री! त्या अजून अंड्यांवर आहेत!" खाली हाका मारणारी पाच नंबरचीही पाण्यावरून पळत लव्हाळ्यांकडे गेली.

ते जागीच थांबले. पुढे अजून साठ-सत्तर पावलांचं पाणी होतं, छातीच्या वर जाणारं, आणि त्यांना पोहता येत नाही. पुढे पाऊल टाकायचं नाही, मागे टाकायचं तरी चिखलाचा आवाज होणार. तसेच उभे. पटाशी धरलेला हात पाण्याच्या वर. मी, बाई आणि बेकरीवाला काठावर. कितीतरी वेळाने आठ नंबरची परत आली, चकरा मारून आत शिरली. दोन नंबरची शिरली. मग बेकरीवाला अलगद पाण्यात उतरला आणि त्यांचा दंड धरून, एकेक पाऊल थांबवत, त्यांना मागे घेऊन आला.

पाच नंबरची पुन्हा खांबाशी आली होती. दुपारी दीडपर्यंत ती हाका मारत होती. पेटीतला आवाज त्याच्या आधीच थांबला. आमची बस दोनची होती. भाऊजींनी ओली पँट बदलली नाही. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "किती वेळ बोलावत होती?" मी आकडा सांगितला नाही.

परवानगीचं पत्र पुढे बारा दिवसांनी आलं. 'इतर दुरुस्तीस हरकत नाही.' तोवर बाकीच्या पेट्यांखालीही हाका मारून झाल्या होत्या. त्या मी ऐकल्या नाहीत, रखवालदाराने बाईंना सांगितलं.

हंगाम संपल्यावर होडीतून पेट्या काढायला गेलो. बेकरीवाला म्हणाला, "मिस्त्री, मी उघडतो, तुम्ही होडी धरा." भाऊजी म्हणाले, "काम माझं आहे." तीन नंबरच्या पेटीत फक्त टरफलं होती. त्यातली पिल्लं कशी निघाली कुणास ठाऊक. भाऊजींनी फळीची गाठ कुठे सुटलीय का ते शोधलं, सापडली नाही. बाकीच्या पाचांत काय होतं ते मी लिहीत नाही. ते सगळं त्यांनी एकट्याने काढलं, बेटावर पुरलं, आणि मग बॅटरी लावून प्रत्येक पेटीची आतली भिंत पाहिली.

"एक ओरखडा नाही," ते म्हणाले.

हेच वाक्य मालक गिऱ्हाइकांना सांगायचे.

आता दहाही पेट्या गॅलरीत आहेत. बाई म्हणतात, त्या माद्या पुढच्या वर्षी इथे येतीलच असं नाही, ज्यांची पिल्लं गेली त्या जागा बदलतात. पण पेट्या नीट करून ठेवा. जाळीची पट्टी ठोकली तरी चालेल. भाऊजींनी जाळी आणली. मग म्हणाले, जाळी गंजून सुटली तर? खाचाच हव्यात.

परवा मला बोलावून घेतलं. एका पेटीची फळी सोडवून मांडीवर घेतली होती. त्यांनी पाडलेल्या खाचा मी पाहिल्या. सरळ, एकसारख्या, आखल्यासारख्या, आणि प्रत्येकीच्या कडा काचपेपरने मोडलेल्या.

"हे बघ काय झालं," ते म्हणाले. "मी करत नाही. हात करतो. तुला लाकडातलं काय येतं?"

"काहीच नाही."

"म्हणूनच." त्यांनी पटाशी माझ्या हातात दिली.

मी घाव घातला. पटाशी सटकली, एक ढलपी उडाली, फळीवर वेडावाकडा चरा उमटला. दुसरा त्याहून वाईट. जाऊबाई दारातून बघून म्हणाल्या, "अगं बाई, उंदरांनी कुरतडल्यासारखं दिसतंय." भाऊजींचा अंगठा आपोआप पुढे आला, चऱ्याच्या कडेला वर आलेलं कुसळ शोधत. त्यांनी तो तिथेच थांबवला. मग उठून उभे राहिले आणि दोन्ही हात खिशात घातले.

"अजून," म्हणाले. "अजून वाईट कर, पदवीधर."

माझ्यासमोर अजून नऊ पेट्या होत्या. मी खाली मान घालून घाव घालत राहिले. वर पाहिलं नाही, कारण ते श्वास कसा घेत होते ते ऐकू येत होतं.